भुसावळात शिवून घेतलेली हिरवी-मरून जर्सी: कापड, रंग, शिलाई आणि मोहन बागानवर बोलणाऱ्यांना उत्तर

मुद्द्याचं आधी सांगतो. जर्सी एक नंबर झालीये, पैसे वसूल, आणि ज्यांना टीमसाठी, मंडळासाठी, कॉलेजसाठी करून घ्यायचीये त्यांनी बिनधास्त जावं. दुकान भुसावळला जामनेर रोडच्या बाजूला आहे, बोर्ड कोणी वाचत नाही, सगळे 'जर्सीवाले नाना' एवढंच म्हणतात, तिथं कोणालाही विचारा, घेऊन जातील. आता सविस्तर लिहितो, आणि जरा लांबणार आहे कारण मी नुसत्या कापडाचा रिव्ह्यू लिहायला बसलो नाहीये, जर्सी कोणाची आहे हे पण माझ्यासाठी तेवढंच महत्त्वाचंय.

आम्हाला हवी होती मोहन बागानची, म्हणजे कोलकात्याच्या जुन्या फुटबॉल क्लबची. उभे पट्टे, हिरवा आणि मरून, पाठीवर मोठ्या आकड्यात 1911, बस. क्लबचा लोगो नको, स्पॉन्सरचं नाव नको. लोगो ओरिजिनल जर्सीवरच शोभतो, तो लोकल छापून फिरणं मला पटत नाही, आणि नाना पण स्वतःच म्हणाले की लोगो मी कोणाचाच मारत नाही, रंग आणि नंबर काय पाहिजे ते सांगा. पण आमच्या ग्रुपमधे कोणी अकरावीत आहे, कोणी सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जातो, कोणी रेल्वेत नवीन लागलाय, सगळ्यांना ओरिजिनल परवडत नाही. आणि मॅच बघायला बसल्यावर एकाच्या अंगात जर्सी आणि बाकीचे साध्या बनियनवर, हे मला बघवत नव्हतं. टीम सगळ्यांची आहे तर रंग पण सगळ्यांच्या अंगावर पाहिजे.

रंगाबद्दल आधी, कारण सगळा जीव त्यातच अडकला होता. ज्यांनी कधी जर्सी छापून घेतलीये त्यांना माहितीये की मरून हा सगळ्यात बदमाश रंग आहे. कॉम्प्युटरवर मस्त दिसतो आणि कापडावर उतरला की एकतर चॉकलेटी होतो नाहीतर लाल. आणि मोहन बागानवाल्यासाठी मरूनचा लाल होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, लाल-सोनेरी ईस्ट बंगालचा, कोलकात्यातल्याच आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा रंग आहे, तो मी अंगाला लावणार नाही म्हणजे नाही.

नानांनी इथंच माझं मन जिंकलं. त्यांनी स्क्रीन दाखवून 'हो म्हणा' असं केलं नाही. सबलिमेशनचं काम असं असतं की डिझाइन आधी कागदावर छापतात आणि मग तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून हीट प्रेसखाली दाबतात, दोनशे डिग्रीच्या आसपास, त्या उष्णतेनं शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. म्हणून हा रंग सोलून निघत नाही, वर थर बसलेलाच नसतो. कागदावर छापलेलं बघितलं तर मी म्हटलं नाना हे काय, सगळं धुरकट, मातकट, हिरवा तर शेवाळासारखा दिसतोय. नाना म्हणाले, "थांब रे भो, प्रेसमधून निघू दे." त्यांनी एका पट्टीवर मरूनच्या सात-आठ छटा एकाखाली एक घेतल्या होत्या, शेजारी हिरव्याच्या चार. प्रेस दाबला, उचलला, कागद सोलला आणि रंग असा उघडला की विचारू नका. मग ती पट्टी घेऊन ते दुकानाबाहेर आले, उन्हात. ट्यूबलाइटखाली जो मरून मला बरोबर वाटत होता तो उन्हात चक्क विटकरी निघाला. त्याच्या खालचा, जो आत काळपट दिसत होता, तो बाहेर बरोब्बर बागानचा मरून. त्यावर पेनानं खूण केली, हिरव्यात बॉटल ग्रीनपेक्षा एक पायरी उजळ घेतला, आणि मग छपाई सुरू. एवढी मेहनत पंधरा-वीस नगांच्या ऑर्डरसाठी कोणी घेत नाही, मोठ्या शहरात तर तुमच्याशी बोलत पण नाहीत.

आता दुकानातला किस्सा, कारण त्याचं उत्तर मला तिथं पूर्ण देता आलं नाही, गिऱ्हाईक होतं. मशीनवरचा पोरगा, चांगला पोरगा आहे, हात साफ आहे त्याचा, पण तो म्हणाला, "काय भो, हे बंगाल्यांचं काय लावलंय, तुले मुंबईची टीम दिसत नाही का? आकाशी करून देतो ना, मराठी माणूस आहे तू."

हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. भुसावळात, जळगावात, नातेवाइकांत, सगळीकडे. मराठी आहेस तर मुंबई सिटी. का भो? मुंबई सिटी एफसी 2014 ला आयएसएल या फुटबॉल लीगसोबत तयार झाली, 2019 च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपनं तिचे 65 टक्के घेतले, आणि आकाशी रंग बघितला की मँचेस्टरच आठवतं. त्यात मराठी काय आहे ते मला कोणीतरी एकदा नीट समजावून सांगा. आपलं खान्देश मुंबईला केळी पुरवतं, माणसं पुरवतं, पण म्हणून मुंबईचं नाव आलं की आपण आपोआप टाळ्या वाजवायच्या असं कुठं लिहिलंय. खेळतात चांगलं, ते मी नाकारत नाही, 2020-21 ला शील्ड (लीगमधे पहिलं येणाऱ्याला मिळतं ते) आणि कप (शेवटची फायनल जिंकणाऱ्याला मिळतो तो) दोन्ही नेले, आणि कपची फायनल आमच्याच विरुद्ध होती, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल मारला, 2-1, ती रात्र मला अजून टोचते. 2024 ची फायनल तर आमच्या कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, आमच्या साठ हजार लोकांसमोर, आमच्या कमिंग्सनं आघाडी मिळवून दिल्यावर सुद्धा 3-1 नी जिंकून गेले. मान्य. पण त्याच्या तीनच आठवडे आधी, 15 एप्रिलला, त्याच मैदानावर लीगच्या शेवटच्या मॅचमधे आम्हीच त्यांना 2-1 नी हरवून शील्ड उचललं होतं, त्यांना नुसता ड्रॉ पुरत होता, तरी जमलं नाही, लिस्टन कोलासो आणि कमिंग्सनी त्यांच्या हातातलं काढून घेतलं. हे कोणी सांगत नाही, फायनल तेवढी सगळ्यांच्या लक्षात.

आणि मैदान बघा ना. अंधेरीचं स्टेडियम भरलं तरी किती लोक बसतात, आणि सॉल्ट लेकला डर्बीच्या, म्हणजे बागान-ईस्ट बंगाल मॅचच्या दिवशी काय असतं. 1997 च्या फेडरेशन कप सेमीफायनलला तिथं 1,31,781 माणूस होता, भारतात कुठल्याच खेळाला स्टेडियममधे एवढी गर्दी झाली नाही असं सांगतात. ती मॅच आम्ही हरलो होतो, 4-1, ईस्ट बंगालच्या बाइचुंगची हॅटट्रिक, लपवत नाही. पण ज्या क्लबसाठी लोक हरायच्या भीतीत सुद्धा लाखानं येतात तो क्लब आणि जो क्लब 2014 ला लिलावातून उभा राहिला तो क्लब, हे दोन मला एका तराजूत कोणी टाकू नये.

मी बागानचा कसा झालो ते थोडक्यात. आमच्या रेल्वे क्वार्टरमधे शेजारी बंगाली कुटुंब होतं, काका लोको शेडला. भुसावळच्या माणसाला हे नवीन नाही, हावडा मेल आणि गीतांजली आपल्या प्लॅटफॉर्मवर थांबतात, इथून बसलं की एका दिवस-रात्रीत हावडा, त्यामुळं रेल्वे कॉलनीत बंगाली, बिहारी, तेलुगू सगळे शेजारी. काका जिंकल्यावर काकूंना झिंगे करायला लावायचे, कारण बागानवाल्यांचं झिंगा आणि ईस्ट बंगालवाल्यांचं हिल्सा असं तिकडं ठरलेलंच आहे. भुसावळात ताजा झिंगा मिळायचा नाही, बर्फातला यायचा, तो पण कधीमधी, पण वाटी आमच्याकडे यायचीच. आईला वास चालायचा नाही, मी काकूंच्या ओट्यावर बसून खायचो. काकांनी मला 'तू कोणाचा' असं कधी विचारलं नाही, मॅचबद्दल सांगत राहायचे, बागानच्या जुन्या खेळाडूंबद्दल, गोष्ठ पालबद्दल, शैलेन मन्नाबद्दल, चुनी गोस्वामीबद्दल, आणि एक दिवस मीच हरल्यावर जेवलो नाही. तेव्हा घरच्यांना कळलं की हे पोरगं गेलं कामातून.

तर पाठीवर 1911. हा आकडा कसा छापायचा यावर आमच्यात आणि नानांच्यात चांगलीच चर्चा झाली. विनाइल कटिंग करून वरून चिकटवलं की आकडा उठावदार दिसतो, चमकतो, पण आपल्याकडच्या उन्हात आणि धुण्यात विनाइलला तडे जातात, कडा सुटतात, इस्त्री चुकून लागली तर गोळा होतो. नाना म्हणाले आकडा पण सबलिमेशनमधेच घेऊ, पट्ट्यांच्या मधे पांढरा चौकोन सोडून त्यात मरून आकडा. मला आधी ते चौकोनाचं आवडलं नव्हतं पण दुसरा मार्ग नव्हता, सबलिमेशनमधे पांढरी शाईच नसते, पांढरं म्हणजे कापडाचं स्वतःचं पांढरं. झाल्यावर बघितलं तर फार सुंदर दिसतंय, लांबून वाचता येतं. बाजारात दोनदा अनोळखी लोकांनी विचारलं की 1911 काय आहे, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 29 जुलै 1911, कलकत्ता, आयएफए शील्ड या स्पर्धेची फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, गोऱ्या सोल्जरांची टीम, बूट घालून. आमचे अकरापैकी दहा जण अनवाणी, एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट. पहिला गोल गोऱ्यांनी मारला. मग कॅप्टन शिबदास भादुडींनी बरोबरी केली आणि शेवटच्या मिनिटांत अभिलाष घोषनी दुसरा. 2-1. आयएफए शील्ड जिंकणारी पहिली भारतीय टीम. लांब उभ्या लोकांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवायचे असं सांगतात. तेव्हा आपले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, बंगालची फाळणी अजून रद्द व्हायची होती, ती त्या वर्षीच्या डिसेंबरात झाली. अशा वर्षी अनवाणी पायानं गोऱ्या पलटणीला हरवलं, हा विजय एकट्या कलकत्त्याचा कसा असेल? आपण शाळेत बंगालची फाळणी शिकतो, लाल-बाल-पाल शिकतो, तेव्हा कोणी म्हणत नाही की पाल बंगाली आहेत सोडा. मग अभिलाष घोषचा गोल माझा का नाही? 1989 ला क्लबच्या शंभरीला पोस्ट खात्यानं तिकीट काढलं होतं, ते तिकीट भुसावळच्या पोस्टात पण चिकटलंच असेल ना पत्रांवर. मोहन बागानला लोक नॅशनल क्लब म्हणतात ते उगाच नाही. आणि म्हणूनच खान्देशातल्या पोराच्या पाठीवर 1911 असायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता शिलाई. इथं थोडं ऐकवायचंय नानांना आणि त्यांना तोंडावर पण ऐकवलंय. उभ्या पट्ट्यांची जर्सी शिवणं सोपं नसतं, बाजूच्या शिवणीला पुढचा पट्टा आणि मागचा पट्टा नीट जुळला पाहिजे, नाहीतर हिरव्याला हिरवा लागून एक जाडजूड पट्टा दिसतो. बहुतेक नग बरोबर होते, दोन चुकलेले होते, त्यातला एक नानांनी कुरकुर न करता परत करून दिला, दुसरा ज्याचा होता तो पोरगाच म्हणाला असू दे, त्याला घाई होती. कॉलरची रिब तयार येते, ती मरून आमच्या मरूनपेक्षा किंचित गडद आहे, बारकाईनं बघितलं तर कळतं. नानांनी विचारलं होतं की छापलेल्याच कापडाची कॉलर लावू का, पण ती गळ्याला ताठ बसते, घामात टोचते, म्हणून आम्हीच रिब सांगितली. ज्याला शंभर टक्के मॅचिंग पाहिजे त्यानं ठरवावं.

डिलिव्हरी उशिरा मिळाली, आठवडाभर. कारण एप्रिल होता, 14 एप्रिलच्या जयंतीच्या टी-शर्टांच्या ऑर्डरी लागलेल्या, दुकानभर निळे गठ्ठे, वर नाइट क्रिकेटवाल्यांची गर्दी, प्रेस थंडच होत नव्हता. मला त्याचा राग नाही, मंडळांचं काम आधी व्हायलाच पाहिजे, पण नानांनी तारीख देताना हे सांगायला पाहिजे होतं. आम्हाला 12 एप्रिलच्या आत हवी होती आणि हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. शेवटी मिळाली, आदल्या संध्याकाळी.

12 एप्रिल 2025, आयएसएलची फायनल, सॉल्ट लेक, समोर बेंगळुरू. लीगचं शील्ड आधीच आमच्या खिशात होतं, 23 फेब्रुवारीला ओडिशाविरुद्ध 93 व्या मिनिटाला दिमित्री पेत्रातोसनं गोल मारून पक्कं केलं होतं, लागोपाठ दुसऱ्या वर्षी, असं आयएसएलमधे आधी कोणालाच जमलं नव्हतं. 24 मॅचमधे 56 पॉइंट. तरी फायनलच्या दिवशी हात थंड. एका मित्राच्या गच्चीवर टीव्ही ओढून नेला, शेवभाजी आणि भाकरी केली, कारण भरताचा सीझन गेलेला, आणि सगळे हिरव्या-मरूनमधे. खाली रस्त्यावरून जाणारे थांबून वर बघत होते. 49 व्या मिनिटाला आमच्याच आल्बेर्तो रोद्रिगेझच्या पायाला लागून बॉल आत. गच्चीवर कोणी बोलेना. बेंगळुरूचे तेवढ्यात मेसेज सुरू, ग्रुपवर बेंगळुरूच्या सुनील छेत्रीचे दोन फॅन आहेत, छेत्रीबद्दल मला प्रचंड आदर आहे, तो बागानकडून पण खेळलाय आधी, पण त्याच्या फॅननी मॅच संपेपर्यंत तरी थांबावं. 72 ला पेनल्टी, कमिंग्स, 1-1. मग एक्स्ट्रा टाइम, आणि 96 व्या मिनिटाला जेमी मॅकलारेन. गच्चीवर काय झालं ते शेजाऱ्यांना विचारा. दहीवाल्या कांद्याचं पातेलं माझ्या जर्सीवर सांडलं, शेवभाजीचा रस्सा, तर्री सकट, दुसऱ्याच्या पाठीवर.

आणि इथं कापडाची खरी परीक्षा झाली. खान्देशी तर्री पांढऱ्या कपड्याचं काय करते ते घरोघरी माहितीये. रात्री साध्या पाण्यात, सकाळी पावडरीत, घासलं नाही जास्त, आणि पट्ट्यांवरचं पूर्ण गेलं. फक्त 1911 च्या पांढऱ्या चौकोनाला एका कोपऱ्यात पिवळट झाक राहिली होती, ती दोन-तीन धुण्यांत गेली. रंग उतरला नाही, बादलीतलं पाणी हिरवं झालं नाही. त्यानंतर अख्खा मे जर्सी वापरात आहे. आपला मे म्हणजे पारा 45 ला, दीपनगरच्या बाजूनं येणारा वारा पण भट्टीतला. कापड डॉट निट आहे, बारीक छिद्रांचं, नानांकडे त्यात हलकं आणि जाड दोन्ही मिळतं, आम्ही मधलं घेतलं. संध्याकाळी सहानंतर रेल्वे ग्राउंडवर खेळताना घाम पटकन सुकतो, अंगाला चिकटत नाही. दुपारी मात्र घालू नका, पॉलिस्टर ते पॉलिस्टरच, उन्हात सुती बनियनची बरोबरी करणार नाही, कोणी कितीही ड्राय-फिट म्हणू दे.

आता ईस्ट बंगाल. ग्रुपमधे एक जण आहे, नागपूरला शिकतो, त्यानं जर्सीचा फोटो बघून लिहिलं, 1911 छापता, 1975 का छापत नाही? 1975 म्हणजे आयएफए शील्डची फायनल, ईस्ट बंगाल 5, बागान 0. हो भो, झालं होतं, आमच्याकडच्या जुन्या लोकांना ते अजून सांगताना जड जातं. पण मग तू पुढचं पण वाच. 25 ऑक्टोबर 2009, बागान 5, ईस्ट बंगाल 3, आमच्या एकट्या चिडीचे चार गोल. ईस्ट बंगालनं नॅशनल लीग शेवटची जिंकली 2003-04 ला. त्यानंतर आम्ही 2014-15 ला बेंगळुरूत जाऊन शेवटच्या मॅचला 87 व्या मिनिटाला बेलो रझाकच्या हेडरवर आय-लीग, म्हणजे तीच नॅशनल लीग नव्या नावानं, घेतली, 2019-20 ला परत घेतली. आयएसएलमधे आल्यापासून 2024-25 पर्यंतचे त्यांचे नंबर बघा, नववा, अकरावा, नववा, नववा, नववा. आणि 2024-25 संपेपर्यंत आयएसएलमधे एकही डर्बी जिंकलेले नाहीत, एक ड्रॉ, बाकी सगळ्या आमच्या. 2023 ची ड्युरंड कपची फायनल तर आम्ही दहा जणांत जिंकली, आमच्या थापाला रेड कार्ड, आणि मग पेत्रातोसनं 71 ला मारला. त्यांनी 2024 च्या जानेवारीत सुपर कप जिंकला, ते मान्य, त्या स्पर्धेत आम्हाला 3-1 नी हरवलं, ते पण मान्य. पण एका जानेवारीवर किती वर्षं जगणार.

ईस्ट बंगालच्या लोकांबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये, फाळणीत घरदार सोडून आलेल्यांनी त्या क्लबला घर मानलं, हे मोठं आहे. मला राग त्यांच्या मॅनेजमेंटचा पण नाही. राग याचा की समोरची टीम दुबळी झाली की डर्बी दुबळी होते आणि मग भुसावळात बसलेला पोरगा म्हणतो इंडियन फुटबॉलमधे काय आहे, मी रिआल माद्रिद बघतो. तो पण आहे आमच्याकडे एक, रात्री साडेबाराला अलार्म लावून उठतो. बघ ना बाबा, खेळ उच्च आहे त्यांचा, मी पण बघतो कधीकधी. पण माद्रिदला जायला तुला पासपोर्ट, व्हिसा, लाखाचं तिकीट. मला सॉल्ट लेकला जायला स्लीपरचं तिकीट आणि डब्यात दशम्या. मी तिथं जाऊन उभा राहू शकतो, ओरडू शकतो, शेजारी उभा माणूस विचारतो कुठून आला, मी म्हणतो भुसावळ, तो म्हणतो अरे आमची गाडी थांबते तिथं, केळी घेतो आम्ही. एवढं पुरतं.

एक आरोप मात्र असा आहे की तो मला लागतो, आणि तो मुंबईवाले, ईस्ट बंगालवाले सगळे करतात: तुमचा क्लब विकला गेला. 2020 ला एटीके या कोलकात्याच्या आयएसएल क्लबसोबत एकत्र केलं आणि नावापुढं एटीके लागलं, ते आम्हाला पण सहन झालं नव्हतं. पण पुढं काय झालं? सपोर्टर गप्प बसले का? 'रिमूव्ह एटीके'चे बॅनर लागले, मोहीम चालली, लोक स्टेडियमपासून लांब राहिले. 18 मार्च 2023 ला गोव्यात फायनल जिंकल्यावर मालकांनीच जाहीर केलं की एटीके काढतोय. मालकाला झुकवून नाव परत मिळवलं, असं बाकी कोणाच्या सपोर्टरनी करून दाखवावं आणि मग आम्हाला विकलेले म्हणावं. पुढं 'सुपर जायंट' लागलंय, ते मला आवडत नाही, आणि आमच्या जर्सीवर ते छापलेलं पण नाही.

किमतीचं सांगतो. आम्हाला नग साडेचारशेला पडला, नंबर, नाव, कॉलर सगळं धरून, नग वाढले की कमी करतात. ऑनलाइन तीनशेत पण मिळते पण तिथं मरूनची पट्टी उन्हात नेऊन दाखवणारं कोणी नाही. साइजबद्दल काळजी घ्या, नानांचं एल म्हणजे बाजारातल्या एल पेक्षा थोडं कमी भरतं, खांद्यात बरोबर पण लांबीला तोकडं, उंच पोरांनी एक साइज मोठी सांगावी. अंगात घालून बघायला सॅम्पल मागा, देतात. लहान पोरांच्या साइज पण करतात, आमच्यातल्या एकानं चार वर्षांच्या पोरीसाठी करून घेतली, तिच्या पाठीवर 1911 मावेना म्हणून आकडा बारीक केला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

धुताना उलटी करून, थंड पाण्यात, कडक उन्हात तासन् तास टांगून ठेवू नका, सावलीत वाळते लगेच. इस्त्रीची गरजच नाही.

ऑर्डर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आणि गणपतीच्या आधी देऊ नका, द्यायचीच असेल तर महिनाभर आधी द्या आणि तारीख वहीत लिहून घ्या, नानांच्या हातानं. पट्ट्यांची असेल तर बाजूची शिवण तिथंच उजेडात बघून घ्या. आणि मरून असेल तर छटांची पट्टी मागितल्याशिवाय हो म्हणू नका. मी पुढच्या वेळी गोलकीपरची करून घेणार आहे, विशाल कैथसाठी, तो हिमाचलचा पोरगा आहे, बंगालचा नाही, आणि सॉल्ट लेक त्याला डोक्यावर घेतं.